थिएटरात सुन्न, घरी कोरडे : असं का होतं?

प्रश्न : २०१६ मध्ये मित्रांबरोबर नगरच्या थिएटरात ‘सैराट’ पाहिला होता. शेवट झाल्यावर जागेवरून उठवेना. मध्यंतरी घरी टीव्हीवर तोच सिनेमा पुन्हा लागला, तर मला काहीच वाटलं नाही. माझी नववीतली मुलगी पहिल्यांदाच पाहत होती, ती मात्र रडत आतल्या खोलीत निघून गेली. माझं मन निबर झालं आहे का?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : नाही. मन निबर झालेला माणूस असं पत्र लिहीत नाही. शेवट तुम्हाला माहीत होता आणि मुलीला नव्हता, हे एक कारण उघडच आहे. पण सगळा फरक तेवढ्यानं पडलेला नाही.

‘सैराट’चा शेवट आठवा. आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा खून झालेला असतो; त्यांचा छोटा मुलगा रक्तात पावलं भिजवून रडत बाहेर येतो आणि पडद्यावर आवाजच नसतो. त्याआधी जिथं ‘झिंगाट’ गाण्याला लोक खुर्च्या सोडून नाचलेले असतात, त्याच थिएटरात आता सगळे गप्प बसलेले असतात. ही शांतता दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी अर्धीच दिली आहे. उरलेली अर्धी प्रेक्षकांनी श्वास रोखून पुरी करायची असते. घरात ती पुरी होत नाही. पंखा फिरत असतो, कुकरची शिट्टी होते, कोणीतरी फोनवर बोलत असतं, आणि त्याआधीच जाहिरातींनी सिनेमाचे तुकडे केलेले असतात. टीव्हीवर आवाज गेला की आपला हात आधी रिमोटकडे जातो.

एकटा असताना माणूस जितका हसतो, त्याच्या सुमारे तीसपट तो चारचौघांत हसतो, असं अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांना १९८९ च्या अभ्यासात दिसलं. तणावाचं काय होतं, हे जर्मनीतल्या माइंझ शहरात तपासलं गेलं. तिथल्या माक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या संशोधकांनी चित्रपटगृहातून बाहेर पडणारी हवाच मोजली. आपण अंग आखडलं, दचकलो की स्नायूंतला आयसोप्रीन नावाचा वायू श्वासावाटे बाहेर पडतो. ‘हंगर गेम्स : कॅचिंग फायर’च्या प्रत्येक खेळात ठरावीक थरारक प्रसंगांना हवेतलं त्याचं प्रमाण वाढत होतं. प्रेक्षक बदलले तरी तो वाढण्याची जागा तीच राहायची. शेकडो अनोळखी माणसांची शरीरं एकाच क्षणी आखडतात, आणि शेजारच्यानं अंग चोरलेलं आपल्याला न पाहताही कळतं. आपल्याकडे ‘माहेरची साडी’ या सिनेमाला १९९१ मध्ये बायका थिएटरात मोकळेपणी रडल्या. शेजारची रडते आहे म्हटल्यावर स्वतःचं रडू दाबायची गरज उरत नाही.

तुमच्या अनुभवात याहून मोठं असं एक कारण मला दिसतं, आणि ते आपल्या जिल्ह्याचं आहे. २०१३ च्या जानेवारीत तुमच्या शेजारच्या नेवासे तालुक्यात, सोनईला, तिघा दलित तरुणांचा खून झाला. कारण आंतरजातीय प्रेमसंबंध. २०१८ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं त्यात सहा जणांना फाशी सुनावली. २८ एप्रिल २०१४ ला जामखेड तालुक्यात खर्डा इथं सतरा वर्षांच्या एका दलित शाळकरी मुलाला मारून टाकलं. वरच्या जातीच्या मुलीशी बोलल्याचा राग, असा आरोप होता. त्या खटल्यातले सगळे आरोपी २०१७ मध्ये निर्दोष सुटले. ‘सैराट’ प्रदर्शित झाला २९ एप्रिल २०१६ ला, खर्ड्याला दोन वर्षं होऊन एक दिवस झाला तेव्हा. नगरच्या थिएटरात बसलेल्यांपैकी कितीतरी जणांनी या बातम्या वाचल्या होत्या, पारावर त्यांची चर्चा ऐकली होती, काहींनी ती मध्येच तोडलीही होती. गावात ज्यावर बोलायचं टाळतात, ते तिथं सगळ्या जातींच्या माणसांसमोर एकदमच आलं. शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कुठल्या बाजूचा, हेही त्या क्षणी मनात येत असणार. तुम्हाला उठवेना, त्यात हे सगळं होतं. घरच्या सोफ्यावर सगळी आपलीच माणसं असतात, म्हणून तो ताण तिथं येत नाही.

मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे, पण शिकले आपल्या नगरला. न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचं शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांचा समूह त्यांना किती नेमका कळतो, हे २०१४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’त दिसतं. त्यातल्या जब्या या मुलाचं कुटुंब डुकराच्या मागे धावतं आणि गाव कडेला उभं राहून हसतं. थिएटरातही काही जण हसतात, कारण प्रसंग सुरुवातीला गमतीचा वाटतो. शेवटी जब्यानं भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्यावर येतो. आजूबाजूचं हसू नुकतंच ऐकलेलं असेल, तर तो दगड आपल्याला लागतो. एकट्यानं मोबाइलवर पाहणाऱ्याला ते हसू ऐकूच आलेलं नसतं. हा सिनेमा कधी मोठ्या पडद्यावर पुन्हा लागला, तर मुलीला घेऊन जरूर जा.

आणि आता मुलीबद्दल. तिला घरात जे वाटलं, ते थिएटरातल्या अनुभवापेक्षा कमी समजू नका. थिएटरात दिवे लागले की माणसं नजर चुकवून स्टँडकडे निघतात; तुम्ही मित्रांशी त्या रात्री काय बोललात, ते आठवून बघा. घरात ती आतल्या खोलीत गेली तरी तुमच्यापासून चार पावलांवर होती. अजून बोलला नसाल तर बोला. ‘सिनेमाच आहे तो’ एवढ्यावर तिची समजूत काढू नका. असं खरंच होतं का, असं तिनं विचारलं, तर तिला सोनईबद्दल सांगा. नववीतली मुलगी ते समजून घेऊ शकते.