सिरीचा शोध

पोलंडमध्ये तयार झालेला ‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम २०१५ साली प्रसिद्ध झाला. सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांतील गेराल्ट हा त्याचा नायक. त्याची मानसकन्या सिरी संकटात आहे. तिला त्वरेने शोधावे, असे कथा बजावते. परंतु खेळातील जग विस्तीर्ण व मुक्त आहे. खेळाडू अरण्यात भटकतो, पत्त्यांचे डाव मांडतो आणि सिरी मात्र ताटकळत राहते! अशा वेळी कथा आणि क्रीडा यांची फारकत होते.

पुढे सिरी भेटते. तिच्या पराक्रमावर विश्वास टाकावा की काळजीपोटी तिला मागे ओढावे, हे खेळाडूच ठरवितो आणि त्यावर तिचे भवितव्य अवलंबून असते. येथे कथा व क्रीडा एकरूप होतात. कथेने लावलेली घाई खेळाडू विसरतो. स्वतःच्या निर्णयाचे फळ मात्र तो विसरत नाही.