गावाबाहेरचा एक एकर : विकावा, प्लॉट पाडावेत की बिल्डरला द्यावा?

सटाण्याहून मालेगाव, देवळा, ताहाराबाद, नामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यांलगत आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांची वडिलोपार्जित जमीन आहे. दलाल दारात येतो, आकडा ऐकवतो आणि घरात वाद सुरू होतो. म्हणून हा हिशेब मांडत आहोत.

आम्ही कापडवाले. ठाण घेताना लांबीआधी पन्हा पाहतो आणि वाया जाणारे कापड धरूनच भाव करतो. जमिनीचेही तसेच. एक एकर म्हणजे 40 गुंठे, सुमारे 4047 चौरस मीटर. राज्यातील बहुतेक शहरांना डिसेंबर 2020 पासून लागू झालेल्या एकत्रित नियमावलीप्रमाणे 4000 चौ. मी. व त्यावरील लेआउटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. म्हणजे 4 गुंठे गेले. रस्त्यांना 10 गुंठे धरा. उरले 26 गुंठे, म्हणजे दोन-दोन गुंठ्यांचे 13 प्लॉट. दलाल मात्र 40 ने गुणून दाखवतो! शिवाय मोजणी, मंजुरी, गटार, वीज हा सारा खर्च या 26 गुंठ्यांवरच बसतो.

त्याआधी कागद पाहावेत. सातबारावर भोगवटादार वर्ग 2, इनाम किंवा वक्फची नोंद आहे काय? विकास आराखड्यात जागा रहिवासी पट्ट्यात येते काय? आरम नदीकाठची असेल तर पूररेषा कोठून जाते? आणि वारस नोंदीत बहिणींची नावे आहेत काय? बहिणीला न विचारता केलेला सौदा पुढे कोर्टात अडकतो. तो तिच्यावर अन्यायही आहेच. पाण्याची सोयही आधी विचारावी. सटाण्यासाठी पुनद धरणाची जलवाहिनी टाकताना 2019 मध्ये कळवण तालुक्यात केवढा विरोध झाला, हे सर्वांना ठाऊक आहे.

जमीन आहे तशी विकणे सोपे, पण भाव सर्वांत कमी. डोक्यावर देणे असेल तरच हा मार्ग बरा.

बिल्डरशी भागीदारीत जमीन तुमची, पैसा त्याचा. ऐकायला गोड. पण काम अर्धवट थांबले तर जमीन करारात अडकून पडते. करारनामा नोंदणीकृतच हवा. तुमच्या वाट्याचे गाळे कोणत्या मजल्यावरचे, मुदत किती, उशीर झाल्यास भरपाई किती, हे त्यात लिहून घ्यावे. सर्वाधिकाराचे कुलमुखत्यारपत्र देऊ नये. करात 2017 पासून एक सवलत आहे : वैयक्तिक जमीनमालकाचा भांडवली नफा करारावर सही झाली त्या वर्षी नव्हे, तर पूर्णत्वाचा दाखला मिळेल त्या वर्षी मोजला जातो. मात्र त्याआधीच आपला वाटा विकला तर ही सवलत जाते.

आमच्या मते सटाण्यासारख्या गावात प्लॉटच बरे. येथील ग्राहकाला अंगण हवे असते, पुढे मुलासाठी मजला चढवायची मुभा हवी असते. मात्र चिठ्ठीवर बयाणा घेण्याचे दिवस गेले. 500 चौ. मी. पेक्षा मोठ्या जागेवरील प्लॉटविक्रीलाही रेरा कायदा लागू होतो. नोंदणीपूर्वी जाहिरात नाही, बुकिंग नाही. नोंदणीकृत करार होईपर्यंत दहा टक्क्यांवर रक्कम घेता येत नाही आणि आलेल्या पैशातील 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ते पैसे जमीन व त्याच कामाच्या खर्चासाठीच काढता येतात. तेव्हा आधी पाच-सहा प्लॉट काढावेत, त्यातून रस्ता-गटार पुरे करावे. कोपऱ्याचे व मोठ्या रस्त्यावरचे प्लॉट शेवटपर्यंत राखून ठेवावेत.