निकालाच्या आधीचे दिवस

चिरंजीव भाच्यास मामाकडून अनेक उत्तम आशीर्वाद.

अभ्यासिकेत बसून स्पर्धापरीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणाच्या मनात एक हिशेब बहुधा पक्का झालेला असतो, तो असा की आजचे दिवस जगण्याचे नसून कसेबसे काढण्याचे आहेत आणि सुख ही यादीत नाव लागल्यानंतर हाती पडणारी वस्तू आहे. चिरंजीवाच्या गेल्या पत्रातला सूरही हाच होता. हा हिशेब आळशी माणसाचा नव्हे, कष्टाळू माणसाचा आहे आणि म्हणूनच तो अधिक धोक्याचा ठरतो. आळशी माणसाची चूक चारचौघे दाखवून देतात, कष्टाळू माणसाचे मात्र कौतुकच होत राहते.

मानसशास्त्रात ‘सुखानुकूलन’ नावाची एक कल्पना मांडली जाते. इष्ट गोष्ट मिळाल्यावर मन उचंबळून येते, परंतु काही काळाने तीच गोष्ट अंगवळणी पडते आणि मन जवळपास पूर्वीच्या पातळीवर परतते, असा तिचा आशय आहे. फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये अमेरिकेतील लॉटरीच्या २२ विजेत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मित्राशी गप्पा, सकाळची न्याहारी, एखादा विनोद अशा रोजच्या गोष्टींतून या विजेत्यांना मिळणारा आनंद इतरांपेक्षा कमी असल्याचे त्यात दिसले. बावीस माणसांवरून जगाचा निवाडा करता येत नाही, आणि पैशाने समाधान टिकून वाढते असे दाखवणारे अभ्यासही नंतर झाले आहेत. तरीही मोठ्या सुखाच्या प्रकाशात लहान सुखे फिकी पडू शकतात, एवढी सूचना त्यातून घ्यायला हरकत नाही. मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांचा २०१० मधील अभ्यास याहून नेमका आहे. सुमारे २,२५० लोकांना दिवसभरात अधूनमधून ‘आता काय चालले आहे आणि मन कोठे आहे’ असे विचारले असता जवळजवळ ४७ टक्के वेळा मन हातच्या कामाबाहेर भटकत असल्याचे आढळले, आणि काम कोणते यापेक्षा मन कामावर आहे की नाही यावरून त्या क्षणाच्या सुखाचा अंदाज अधिक चांगला बांधता आला.

गडचिरोली जिल्ह्याच्या चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा या तीर्थक्षेत्राची कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगी आहे. पुत्रप्राप्तीसाठी तप करणाऱ्या मृकंड ऋषींपुढे दीर्घायुषी पण मंदबुद्धी मुलगा किंवा गुणी पण सोळाच वर्षे जगणारा मुलगा असा पर्याय ठेवण्यात आला आणि त्यांनी दुसरा निवडला. सोळावे वर्ष संपताना यम आला, मार्कंडेयाने शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकराने यमाला परतवले. वैनगंगा जेथे उत्तरेकडे वळते त्या काठावर हे घडले अशी स्थानिक श्रद्धा आहे. सांगणाऱ्यांचा सारा भर अखेरच्या दिवसावर असतो, कारण यमाचा पाश हा रंगवून सांगण्याचा प्रसंग आहे. वास्तविक विचार करण्याजोगी आहेत ती आधीची सोळा वर्षे. मुदत ठाऊक असूनही त्या घरात मुलाला शिकवले गेले, वाढवले गेले, आणि त्या दिवशीही मुलगा वेगळे काही करीत नव्हता, रोजची पूजाच करीत होता. मृत्यूवरील विजयापेक्षा कथेतील हा नित्यक्रम अधिक मोलाचा वाटतो, मग परंपरेला हा अर्थ रुचो वा न रुचो.

अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या १८७३ ते १८७५ या काळातील दौऱ्यांच्या अहवालातून मार्कंड्याच्या मंदिरसमूहाची ओळख विद्वानांना झाली. आज यात्रेकरू महाशिवरात्रीला तेथे लोटतात, दर्शनाच्या रांगेतून गाभाऱ्याकडे सरकतात आणि भिंतींवरील सुरसुंदरी, हत्ती, सिंह न पाहताच बाहेर पडतात. गर्दीत दुसरे काही शक्यही नसते. चिरंजीवाने एखाद्या साध्या मंगळवारी जाऊन एकच शिल्प पाव तास पाहावे, आणि त्याचे छायाचित्र काढू नये.

येथे एक खबरदारी आवश्यक आहे. लहान सुखांचा उपदेश पोट भरलेल्याने उपाशी माणसाला करणे हा उद्धटपणा होय. चैत्राच्या पहाटे मोहफुले वेचणाऱ्या बाईला त्या गोड वासाचा आनंद मिळत असेलही, पण ती जाते कमाईसाठी, आणि मोह वेचणाऱ्यांवर वाघाने हल्ला केल्याच्या बातम्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत येत असतात. योगसूत्रांतील ‘संतोष’, म्हणजे पाच नियमांपैकी दुसरा, हा साधकाने स्वतःला लावून घ्यायचा नियम आहे. मजुरी वाढवून मागणाऱ्याला गप्प करण्याचे ते साधन नव्हे. म्हणून नोकरीची इच्छा सोडावी असे या पत्राचे म्हणणे नाही. घरच्या परिस्थितीत ती मिळवणे हे कर्तव्यच आहे.

परंतु कर्तव्य आणि आनंद यांना एकामागोमाग उभे करण्याची गरज नाही, हे पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतील शेतकऱ्याला पुरते ठाऊक आहे. दिवाळीनंतर धान निघू लागले की गावोगाव नाटके लागतात, वडशाच्या मंडळ्या रात्र रात्र रंगमंच गाजवतात आणि प्रेक्षक उजाडता घरी परततात. खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचे चुकारे तोवर हाती आलेले असतातच असे नाही. चुकारे मिळाल्यावरच नाटक पाहायचे असे गावांनी ठरवले असते, तर ही रंगभूमी इतकी वर्षे टिकली नसती.

चिरंजीवाने सध्या एवढेच करून पाहावे, की जेवताना चालू घडामोडींचे पुस्तक ताटाशेजारी ठेवू नये आणि जवसाची चटणी तोंडात असताना ती जवसाचीच आहे हे कळू द्यावे. संध्याकाळचा फेरफटका ‘मेंदू ताजा व्हावा म्हणून’ घेऊ नये. तसे केले की तोही अभ्यासक्रमाचा भाग होतो आणि त्यालाही गुण द्यावेसे वाटतात. या वर्षी गावात नाटक लागेल तेव्हा परीक्षेचे कारण सांगून खोलीत न थांबता आईला सोबत घेऊन ते पाहावे. दुसऱ्या दिवशीचा अभ्यास दुपारी सुरू झाला तरी चालेल.

कळावे, हे आशीर्वाद.