पॉल अँडरसन : बळ आणि बळाची नोंद

अमका पहिलवान दगडी नाल एका हाताने उचलीत असे, तमक्याने गाडी पाठीवर घेतली, अशा कथा आपल्या तालमींतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. ऐकताना आपण रंगून जातो. वजन किती होते, ते कोणी केले, हे विचारण्याचे भान सहसा राहत नाही. पॉल अँडरसन या अमेरिकन बलवंताच्या चरित्रात मात्र हा प्रश्न टाळताच येत नाही.

जॉर्जिया राज्यातील टोकोआ गावी १७ ऑक्टोबर १९३२ रोजी त्याचा जन्म झाला. बालपणीच त्याला मूत्रपिंडाच्या दुखण्याने गाठले. पुढे फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर महाविद्यालयात असता त्याला वजने उचलण्याचा छंद जडला आणि शिक्षण मागे पडले. टेनेसीतील घरी त्याने काँक्रीट भरलेली पिंपे आणि लोखंडी चाके यांचीच वजने केली. त्याची एक युक्ती आपण समजून घेण्यासारखी आहे. खांद्यावर दांडी घेऊन बैठक मारताना खालून उठण्याचा भाग सर्वांत अवघड. वरच्या टप्प्यात शरीर कितीतरी अधिक भार पेलते. म्हणून तो खड्डा खणून त्यात उभा राही, काठावर टेकलेली जड दांडी खांद्याने किंचितच उचली आणि रोज खड्ड्यात थोडी माती टाकी. तळ वर येई, बैठक खोल होत जाई, वजन मात्र तेच राही.

जून १९५५ मध्ये अमेरिकन संघ मॉस्कोला गेला. उघड्या प्रेक्षागारात, पावसात, अँडरसनने सुमारे १८२ किलो वजन खांद्यापासून डोक्यावर लोटले. त्याच प्रकारात त्याच्या रशियन प्रतिस्पर्ध्याने १५० किलो उचलले होते. त्याच वर्षी म्यूनिक येथे तो जगज्जेता झाला. एकूण वजन ५१२.५ किलो!

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये तो उभा राहिला तो अंगात ताप घेऊनच. पहिल्या प्रकारात अर्जेंटिनाच्या सेल्वेत्तीने १७५ किलो उचलले, अँडरसनने १६७.५. दुसऱ्यात दोघांचेही १४५. तिसऱ्यात सेल्वेत्तीने १८० करून ५०० किलोंची बेरीज गाठली. अँडरसनला आता १८७.५ किलो हवे होते. दोन प्रयत्न फसले. तिसऱ्यात वजन वर गेले आणि स्थिर राहिले. बेरीज समान झाली, तेव्हा नियमाप्रमाणे ज्याच्या शरीराचे वजन कमी तो विजयी. अँडरसन १३७.९ किलो, सेल्वेत्ती १४३.५! ज्या आजाराने बळ हरपले त्यानेच शरीर हलके करून पदक मिळवून दिले, असे आम्हांस गमतीने म्हणावेसे वाटते.

यानंतर तो धंदेवाईक झाला, त्यामुळे हौशी खेळाडूंसाठी असलेल्या १९६० च्या रोम ऑलिंपिकचे दार त्याला बंद झाले. तेथे रशियाचा व्लासोव्ह ५३७.५ किलो उचलून जिंकला. ही झुंज जगाला पाहावयास मिळाली नाही, याची हळहळ वाटते. त्याच्या आवडत्या भारी बैठकांना पॉवरलिफ्टिंग या नावाने अमेरिकेत राष्ट्रीय स्पर्धेचे रूप आले ते १९६० नंतर, म्हणजे तो व्यावसायिक झाल्यावर. त्यामुळे त्याच्या बैठकांचे अचाट आकडे बहुतेक जाहीर प्रयोगांतले आहेत, पंचांपुढचे नव्हेत. १९५७ मध्ये टोकोआ येथे पाठीवर सुमारे २,८४४ किलो तोलल्याची नोंद गिनेस ग्रंथात वर्षानुवर्षे होती. पुरावा अपुरा ठरल्याने ती पुढे काढून टाकण्यात आली. त्याच्या अफाट बळाविषयी आम्हांस शंका नाही. परंतु मेलबर्नचे १८७.५ किलो आम्ही त्या २,८४४ हून मोठे मानतो. ते तीन पंचांसमोर, शेवटच्या संधीला, तापलेल्या अंगाने उचललेले होते.

१९६१ मध्ये त्याने व त्याच्या पत्नीने व्हिडेलिया येथे वाट चुकलेल्या मुलांसाठी निवासगृह काढले. त्याचा खर्च भागविण्यासाठी तो गावोगाव शक्तीचे प्रयोग करीत हिंडला. बालपणीचे दुखणे अखेर परतले. १९८३ मध्ये बहिणीने आपले मूत्रपिंड दिले, त्यावर तो आणखी अकरा वर्षे जगला. १५ ऑगस्ट १९९४ रोजी त्याचे निधन झाले. ते निवासगृह त्याच्यामागेही चालू राहिले.