काकांची राजदूत आणि चुकीचे पुस्तक

या वेळचा पाठ जरा तेलकट हातांचा आहे.

साताऱ्याला आमच्या काकांच्या पडवीत एक राजदूत ३५० मोटारसायकल बरीच वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती घरीच खोलून पुन्हा चालू करायची, असे आम्ही कुवेतहून फोनवरच ठरवून टाकले. काका म्हणाले, "खोलणं सोपं आहे रे, जोडताना पुस्तक लागतं. तेवढं घेऊन या."

राजदूत ३५० ही यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. एस्कॉर्ट्स कंपनीने ती १९८३ पासून काढली. एवढे आम्हाला ठाऊक होते, म्हणून आम्ही यामाहा आरडी ३५० चे जाडजूड पुस्तक मागवले आणि साल्मियाच्या घरी जेवणाच्या टेबलावर रोज वाचले. पण साताऱ्याला पुढचे चाक काढायला बसलो आणि एकमेकांची तोंडे पाहत राहिलो. पुस्तकात पुढे डिस्क ब्रेक, काकांच्या गाडीला ड्रम ब्रेक! भारतातल्या गाडीत तो बदल केलेला होता. इंजिनाची ताकदही कमी केलेली, त्यामुळे कार्ब्युरेटरचे आकडेही जसेच्या तसे घेता येईनात. बाकीची बरीच पाने उपयोगी पडली. पण ज्या भागावर जीव अवलंबून असतो, नेमके तेच पान आपले नव्हते.

तेव्हा पुस्तक कसे निवडावे, ते आता पाहू. पुस्तके चार प्रकारची असतात.

१. मालकाची पुस्तिका : नव्या गाडीबरोबर मिळते. हवा, तेल, चेन यांपुरती ठीक. इंजिन खोलायला पुरत नाही.

२. कारखान्याचे वर्कशॉप मॅन्युअल : यात सगळी मापे असतात. पण ते शिकलेल्या मेकॅनिकसाठी लिहिलेले असते. खास हत्यारे आपल्याकडे आहेत, असे ते धरून चालते.

३. पार्ट्स कॅटलॉग : प्रत्येक भाग सुटा करून काढलेली चित्रे. कोणत्या नटाआधी कोणता वायसर, हे इथे कळते. कसे बसवायचे, ते मात्र कळत नाही.

४. घरी काम करणाऱ्यांसाठीचे पुस्तक : याची गोष्ट आपल्या जवळचीच आहे. जॉन हेन्स हे ब्रिटिश हवाई दलात होते. १९६५ मध्ये त्यांची नेमणूक अरबस्तानाच्या दक्षिण टोकाला, एडनला झाली. तिथे एका मित्राची मोटार पुन्हा बांधताना त्यांना दिसले, की कारखान्याचे पुस्तक सामान्य मालकाला समजण्यासारखे नाही. मग त्यांनी एकेका पायरीचे फोटो काढले. १९६६ मध्ये त्यांचे पहिले दुरुस्ती-पुस्तक निघाले.

विकत घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. पहिली, गाडीच्या चासीचा आणि इंजिनाचा नंबर लिहून घ्या आणि पुस्तक कोणत्या साली, कोणत्या देशासाठी निघालेल्या मॉडेलचे आहे ते पाहा. दुसरी, ब्रेकचे पान आणि वायरिंगचे चित्र उघडून गाडीशी ताडून बघा. तिसरी, बोल्ट किती घट्ट करायचा याचा तक्ता कोणत्या एककात आहे ते पाहा. न्यूटन-मीटर, किलो-मीटर आणि फूट-पौंड ही तीन वेगळी मापे आहेत. '२० न्यूटन-मीटर' ऐवजी '२० फूट-पौंड' वाचले, तर बोल्ट सुमारे २७ न्यूटन-मीटर आवळला जातो. तो तुटू शकतो किंवा ॲल्युमिनियममधले आटे जातात.

काकांच्या ब्रेकचे काय झाले? आम्ही अंदाजाने काही केले नाही. आम्हाला वाईट वाटत होते, कारण काकांना त्याच सुट्टीत गाडीवरून एक फेरी मारायची होती. पण तेच म्हणाले, "इतकी वर्षं थांबली, अजून एक वर्ष थांबेल." सुटे भाग नावे लिहून डब्यांत भरले आणि ताडपत्री पुन्हा टाकली. या वर्षी आमच्या बॅगेत भारतीय गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगची प्रत आहे. ब्रेक जोडताना गल्लीतले जुने फिटर शेजारी बसणार आहेत.

शब्दार्थ
पडवी – घराला लागून असलेली छपराखालची जागा
आटे – बोल्टवर गोल फिरत गेलेल्या खाचा
पाना – नट फिरवण्याचे हत्यार
ताडून बघणे – दोन गोष्टी शेजारी ठेवून जुळतात का ते पाहणे

स्वाध्याय
१. घरच्या मोटारीच्या पुस्तिकेत टायरमधल्या हवेचा आकडा शोधा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवरचा आकडा तोच आहे का? तो कोणत्या एककात आहे?
२. आजोबांना किंवा काकांना फोन करून त्यांच्या पहिल्या गाडीबद्दल विचारा आणि मराठीत पाच ओळी लिहून आणा.