मूळ अवयव आणि संख्यांचे गुणधर्म

शाळा सोडून बरीच वर्षे लोटल्यावर स्पर्धा परीक्षेची तयारी करताना अंकगणिताची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. तथापि विभाजक, वर्गसंख्या, विभाज्यता यांवरील बहुतेक प्रश्नांत मोठी आकडेमोड नसते. संख्येचे मूळ अवयव पाडले, की उत्तर त्यांच्या घातांकांतून मिळते.

१. मूलभूत संकल्पना

ज्या संख्येला १ आणि ती स्वतः असे नेमके दोनच विभाजक असतात, तिला मूळ संख्या म्हणतात. १ ला एकच विभाजक असल्याने ती मूळ संख्या नव्हे. २ ही एकमेव सम मूळ संख्या आहे. १ पेक्षा मोठी प्रत्येक संयुक्त संख्या मूळ संख्यांच्या गुणाकाराच्या रूपात, क्रम सोडल्यास, एकाच प्रकारे मांडता येते. म्हणूनच या पद्धतीवर विसंबता येते.

संख्या मूळ आहे का, हे तपासताना तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनीच भागून पाहावे. २२१ ही मूळ वाटते; परंतु १३ × १७ = २२१.

२. एक विस्तार, तीन उत्तरे

३६० = २ × २ × २ × ३ × ३ × ५. येथे २, ३ व ५ यांचे घातांक अनुक्रमे ३, २ व १ आहेत.

(अ) एकूण विभाजक : प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करा. ४ × ३ × २ = २४.

(आ) विषम विभाजक : विषम विभाजकात २ हा अवयव नसतो, म्हणून तो वगळा. ३ × २ = ६. उरलेले १८ विभाजक सम आहेत.

(इ) ३६० ला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणल्यास पूर्ण वर्ग मिळेल? पूर्ण वर्गात सर्व घातांक सम असतात. २ व ५ यांचे घातांक विषम आहेत. म्हणून १० ने गुणावे. ३६०० हा ६० चा वर्ग आहे.

३. फसवा प्रश्न

क्ष ही धन पूर्णांक संख्या असून क्ष च्या वर्गाला २०० ने निःशेष भाग जातो. क्ष ला निश्चितपणे भाग देणारी सर्वांत मोठी संख्या कोणती? पर्याय : १०, २०, ४०, १००.

२०० मध्ये २ तीनदा व ५ दोनदा येतो. वर्गात घातांक सम हवा, म्हणून २ किमान चारदा असलाच पाहिजे. यावरून क्ष मध्ये २ किमान दोनदा व ५ किमान एकदा येतो, उत्तर २०. ‘निश्चितपणे’ हा शब्द येथे निर्णायक आहे. क्ष ४० असू शकतो, पण असलाच पाहिजे असे नाही. क्ष = २० घेतल्यास वर्ग ४०० येतो व अट पूर्ण होते; मात्र २० ला ४० ने भाग जात नाही.

स्वयंअध्ययन प्रश्न

७५६ चे एकूण विभाजक व विषम विभाजक किती? तिला कोणत्या लहानात लहान संख्येने गुणल्यास पूर्ण वर्ग मिळेल?

उत्तरे : २४, ८, २१. उत्तरे जुळली नाहीत, तर प्रथम अवयवांचा गुणाकार ७५६ येतो का, हे पडताळून पाहा.