झोळीचे पेटंट : उघड काय आणि नवे काय?

गेल्या महिन्यात मालेगावचा एक तरुण विणकर आमच्या पेढीवर नमुना घेऊन आला. टांगून झोपायची झोळी, परदेशी गिऱ्हाईक तिला हॅमॉक म्हणते. पातळ नायलॉनची, वर मच्छरदाणी शिवलेली. "चाचा, याचे पेटंट घ्यायचे, पैसे आहेत," तो म्हणाला. पैसे बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले होते. म्हणून त्याला बसवून आम्ही जे समजावले, ते कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

बाजारात नाही म्हणजे पेटंट मिळेल, ही समजूत चुकीची आहे. 1970 चा कायदा विचारतो, त्या हुनरातल्या जाणकाराला हे सहज सुचले असते काय? गिऱ्हाइकाला नव्हे, उस्तादाला. ओळखीच्या दोन वस्तू नुसत्या जोडल्या आणि प्रत्येक आपले जुनेच काम करीत राहिली, तर कायदा त्याला शोध मानत नाही. झोळी वजन पेलते, जाळी डास अडवते. शिवाय दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांकडे जाळीची व छपराची झोळी होतीच.

मिर्झापूरच्या भांडी कारखानदाराची गोष्ट त्याला सांगितली. पूर्वी खरादावर थाळी चिकटवून फिरवीत. ती उडून कामगाराला इजा होण्याचा धोका असे. त्याने समोरून दाब देऊन थाळी धरण्याची तरकीब काढली व 1951 मध्ये पेटंट घेतले. तरकीब उपयोगी होती, यात शंका नाही. तरीही 1978 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारखान्यातली साधी सुधारणा ठरवून पेटंट रद्द केले. सत्तावीस वर्षे!

मुलगा हिरमुसला. मग म्हणाला, "यात माणूस तिरपा, सपाट झोपतो." तेही जुने. तशा तिरप्या आकाराच्या हेनेसी झोळीला अमेरिकेत पूर्वीच पेटंट मिळाले आहे.

पण हा आकार आणला कसा, हे विचारले तेव्हा आम्हीच सावरून बसलो. एका काठाचा ताणा सैल सोडून त्याने कापड मागावरच फुगते काढले होते. कात्री नाही, शिवण नाही. आमच्या तीस वर्षांच्या धंद्यात असे पाहिले नव्हते. अर्थात आम्ही पाहिले नाही हा पुरावा नव्हे. पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुनी पेटंटे फुकट शोधता येतात.

त्याला सांगितले, झोळी सोड, विणण्याची रीत धर. तोवर ती कोणाला दाखवू नको, त्या रीतीचा माल विकू नको. शोधात काही आडवे आले नाही तर आधी तात्पुरता अर्ज कर. एकट्या माणसाला ऑनलाइन सरकारी फी 1600 रुपये, पुढे पूर्ण अर्जाला बारा महिने. वकिलाचा खर्च निराळा.

लग्नाच्या पैशाला हात न लावता तो परत गेला. नमुना मात्र आम्ही ठेवून घेतला नाही, त्याच्याच पिशवीत घातला.